चारित्र्याचा भाव पाचशे रुपये

चारित्र्याचा भाव पाचशे रुपये आहे. पासपोर्ट सेवा केंद्रात पीसीसीची तेवढीच फी. पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. परदेशात नोकरीला जायचं तर हा कागद लागतो, आणि शाळेत मास्तर म्हणून जायचं तर हमखास लागतो. मी पाचशे भरले. पावती मिळाली. चारित्र्य मिळालं नाही.

दोस्तहो, हे रडगाणं नाही. रडायला आपल्याकडं वेळ नाही आणि ऐकायला कोणी नाही. आपल्या वस्त्यांतून आज इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, बी.एड. झालेली पोरं-पोरी निघतात. इथं शिक्षक भरती वर्षानुवर्षं लटकते. खाजगी शाळेत संस्थाचालक आधी डोनेशन मागतो, मग जात विचारतो. किंवा जात आधी विचारतो आणि मग डोनेशन मागतच नाही, नाहीच म्हणतो. उरलं काय? तासिका तत्त्व. म्हणून पोरं बाहेर बघतात. थायलंड, व्हिएतनाम, आखात, कोरिया. बघायलाच पाहिजे. गाव सोडा, शहर गाठा असं बाबासाहेबांनी सांगितलं, तेव्हा शहराची हद्द कुठं संपते ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी इंदोऱ्याचा. बाप एम्प्रेस मिलचा कामगार, मिल गेली तसा बापही खचत गेला. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो आणि इंग्रजी शिकलो ते पुढं, जिद्दीनं, सीताबर्डीवरची जुनी पुस्तकं चाळून आणि रात्रीच्या अभ्यासिकेत. आज मी इंग्रजी शिकवतो. बऱ्यापैकी शिकवतो. कोरियात एका शाळेत सहाय्यक शिक्षकाची जागा मिळत होती. भारत आणि कोरिया ह्यांच्यात जो व्यापारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीय शिक्षकांसाठी ही एक अरुंद वाट ठेवलेली आहे: इंग्रजीची पदवी पाहिजे, शिक्षकाची पात्रता पाहिजे, आणि चारित्र्याचा कागद पाहिजे. पदवीवर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, पीसीसीवरही अपोस्टिल. अपोस्टिल म्हणजे शिक्का खरा आहे हे सांगणारा आणखी एक शिक्का. हेगच्या करारात आपला देश २००५ पासून आहे, म्हणून तो शिक्का तिकडं चालतो. सरकारी फी पन्नास रुपये. एजंट घेतो हजारांत. ते जाऊ द्या, एजंटाचं पोट आहे.

शिक्के मिळत गेले. अडलं ते चारित्र्यावर.

पडताळणीसाठी मला ठाण्यात बोलावलं. ठाण्याचं नाव लिहीत नाही. कुठलंही ठाणं घ्या, टेबल तेच असतं.

"काय बे, तुह्यावर तं केस आहे."

"साहेब, ती बंदची आहे. दोन हजार अठराची. सरकारनं मागे घेतो म्हटलं होतं."

"मागे घेतली तं मंग इथं कायले दिसून राह्यली?" त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. "मशीन खोटं बोलते काय?"

"साहेब, मी पोरं शिकवायला चाललो."

"तेच तं म्हणतो. लोकायच्या पोरायले काय शिकवशीन? गोटे माराले?"

माणूस वाईट नव्हता. चहा मागवला त्यानं. छातीवरच्या पाटीवर आडनाव वाचलं तर आपल्यातलाच निघाला. मी उठलो तेव्हा आवाज खाली घेऊन म्हणाला, "भाऊ, तू एवढा शिकला-सवरला. कायले गेला होता बे तिकडं?"

ह्या प्रश्नासाठी मी हा लेख लिहितोय. कायले गेलो होतो?

१ जानेवारी २०१८. भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला आलेल्या आपल्या माणसांवर दगड पडले, गाड्या फोडल्या, जाळल्या. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद. नागपुरात कमाल चौकात माणसं जमली, मीही जमलो. रस्त्यावर बसलो, घोषणा दिल्या, संध्याकाळी घरी आलो. मी दगड उचलला नाही. पण हे सांगताना मला स्वतःचीच चीड येते, कारण असं सांगावं लागणं म्हणजेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहणं. ज्यांच्यावर दगड पडले त्यांनी आपण दगड मारला नाही हे सिद्ध करत फिरायचं!

गुन्हा दाखल झाला. बेकायदेशीर जमाव, कलम १४३. रस्ता अडवणं, कलम ३४१. आदेश मोडणं, कलम १८८. वरून महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५. कलमांचे आकडे ऐकले की माय घाबरते, म्हणून त्यांचं वजन करून बघू. १४३ ला जास्तीत जास्त सहा महिने. ३४१ ला महिनाभर साधी कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. पाचशे! रस्ता अडवल्याचा दंड आणि चारित्र्याची फी एकच. आणि १८८ तर असं कलम की ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्यानं स्वतः कोर्टात लेखी तक्रार केल्याशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही. एवढ्या छोट्या गुन्ह्यांची दखल कोर्टानं वर्षाच्या आत घेतली नाही तर मुदत संपते, हेही कायद्यातच आहे. म्हणजे कायद्याच्या तराजूत माझं पाप एवढंसं. पण ठाण्याच्या मशीनला तराजू नाही. तिथं खून करणारा आणि रस्त्यावर बसणारा, दोघांच्या नावापुढं लाल ओळ सारखीच लांब.

आता 'मागे घेतले'ची गोष्ट. मार्च २०१८ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख, आपल्या जिल्ह्यातल्या काटोलचे, ह्यांनी आकडा सांगितला: ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतले. टाळ्या पडल्या. आपल्या पुढाऱ्यांनी हार घातले, पेढे वाटले. मी तेव्हाच वजाबाकी केली होती. राहिले ३०१. एकेका गुन्ह्यात पाच-पन्नास नावं, शिवाय 'व इतर'. त्या 'व इतर'मध्ये किती पोरांची आयुष्यं कोंबलेली आहेत ते कोणी मोजलेलं नाही.

आणि मंत्र्यानं सभागृहात मागे घेतलं म्हणजे मागे गेलं असं नसतं, बाबांनो. जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३२१, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं ३६०, असं सांगतं की सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्टानं संमती द्यायची. एकेका खटल्यात, एकेका कोर्टात. घोषणा मुंबईत होते, अर्ज नागपूरच्या कोर्टात पडतो, आणि मधल्या आठशे किलोमीटरमध्ये आपलं पोरगं म्हातारं होतं.

माझं तर त्याहून पुढचं. मी सरकारी वकिलाकडं गेलो. तो म्हणाला, तुमचं दोषारोपपत्रच कोर्टात आलेलं दिसत नाही; कोर्टात खटलाच नाही तर मी मागे काय घेऊ? ठाण्यात गेलो. ठाणं म्हणालं, कोर्टाची ऑर्डर आण. कोर्टात खटला नाही म्हणून ऑर्डर नाही. ऑर्डर नाही म्हणून नोंद जात नाही. नोंद जात नाही म्हणून माझं चारित्र्य नाही. मी निर्दोष सुटू शकत नाही कारण माझ्यावर कोणी खटला भरत नाही! कोरियातल्या शाळेनं सहा आठवडे वाट पाहिली. मग त्यांनी सभ्य भाषेत पत्र पाठवलं, ज्याचा अर्थ सभ्य नव्हता. ती जागा गेली.

आता तो कागद वाचा. पीसीसीवर इंग्रजीत जवळजवळ एकच वाक्य असतं: अमुक पासपोर्टधारकाला अमुक देशाच्या व्हिसासाठी अपात्र ठरवील अशी त्याच्याविरुद्ध कोणतीही प्रतिकूल माहिती नाही. मी इंग्रजीचा मास्तर आहे, मी शब्द बघतो. तिथं 'शिक्षा' हा शब्द नाही. 'दोष सिद्ध' हे शब्द नाहीत. शब्द आहे 'माहिती'. माहिती कोणाची? ठाण्याची. प्रतिकूल कोणाला? ठाण्याला. न्यायाधीश ज्या माणसाला बघितलेला नाही त्याच्यावर ठाणं निकाल देतं, आणि तो निकाल अपोस्टिल होऊन समुद्रापार जातो. किंवा माझ्यासारखा, जातच नाही.

बरं, पासपोर्टच्या कायद्यात तरी काय आहे? १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम ६ फौजदारी कोर्टात प्रलंबित असलेल्या प्रकरणाबद्दल बोलतं. कोर्टात, ठाण्यात नव्हे. म्हणून माझा पासपोर्ट निघाला. सिंहाचा शिक्का असलेलं ते निळं पुस्तक माझ्या खिशात आहे. देश म्हणतो जा. ठाणं म्हणतं कसा जातो बघू.

इंग्लंडात पोलिसांचा असाच दाखला मिळतो. ज्याचं प्रकरण जुनं आणि किरकोळ असतं त्याच्या कागदावर लिहितात 'नो लाइव्ह ट्रेस', म्हणजे आज जिवंत असलेली नोंद नाही. तिथं १९७४ चा एक कायदा आहे: शिक्षा भोगून ठराविक वर्षं नीट काढली की ती शिक्षा सहसा सांगावी लागत नाही. लहान मुलांच्या नोकऱ्यांना त्यातून वेगळं ठेवलंय, आणि ते बरोबर आहे. साहेबाची आरती ओवाळायला मी हे सांगत नाही. त्याच साहेबानं आपल्याला काय दिलं ते आता बघू.

१८७१. क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट. जन्मानं गुन्हेगार! पारधी, कैकाडी, भामटा. जमातीच्या जमाती ठाण्याच्या वहीत लिहिल्या. रोज हजेरी, परवान्याशिवाय हलायचं नाही, मूल जन्मलं की ते वहीत. गोरा गेला. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. आणि १९५९ मध्ये मुंबई राज्यानं 'सराईत गुन्हेगारां'चा कायदा केला. पाटी बदलली, वही तीच. वहीच काय, जीभसुद्धा तीच. आपली पांढरपेशी मराठी आजही फसवणाऱ्या माणसाला 'भामटा' म्हणते. एका जमातीचं नाव शिवी म्हणून शब्दकोशात बसलंय आणि मराठीच्या प्राध्यापकांना त्यात काही खटकत नाही. उद्या एखाद्या भामटा जमातीच्या पोरानं बी.एड. करून परदेशात शिकवायला जायचं म्हटलं तर त्याच्या चारित्र्याचा दाखला कुठल्या भाषेत लिहिणार?

शाळा सोडल्याचा दाखला काढा पेटीतून. त्यावर 'धर्म व जात' हा रकाना आहे आणि 'वर्तणूक' हाही. एकाच कागदावर. जात वर, वर्तणूक खाली. हेडमास्तर दुसऱ्या रकान्यात 'चांगली' लिहितो, पण समोरचा माणूस वाचतो पहिला. ठाण्याची पडताळणी ह्याहून वेगळी नाही. पत्ता विचारतात. इंदोरा, इमामवाडा, रामबाग म्हटलं की पेन जरा थांबतं. धरमपेठ म्हटलं की पेन पळतं. हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी रांगेत उभा राहून ते पेन पाहिलंय.

आणि हे मी एकटाच म्हणत नाही. ७ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टानं पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दल बोलताना सांगितलं की मागास, वंचित समाजातली माणसं आहेत म्हणून त्यांची नावं अशा वह्यांत डोळे झाकून चढवू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला पत्रकार सुकन्या शांता ह्यांच्या याचिकेवर त्याच कोर्टानं तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला लावला. विमुक्तांना जन्मानं गुन्हेगार मानण्याच्या सवयीवर कोरडे ओढले. निकाल दिल्लीत लागले. इथल्या टेबलापर्यंत पोचायला त्यांना कोणती गाडी मिळते ते बघायचं.

आता कोणी म्हणेल, मग तपासणी नकोच काय? शाळेत कोणालाही घ्यायचं काय? नाही, लेकहो. तपासणी पाहिजे. शिक्षकाची तर कसून पाहिजे. कोरियानं ही तपासणी कडक केली ती २००७ च्या अखेरीस, कारण मुलांवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला एक परदेशी मास्तर तिथल्या शाळेत शिकवत होता हे उघड झालं. मुलांच्या अंगाला हात लावणारा माणूस वर्गात जाता कामा नये. माझी बहीण शाळेत जाते, मला हे कोणी शिकवू नये. पण मग तेच तपासा! पोरांना धोका आहे काय ते तपासा. चौकात बसून घोषणा दिल्यानं सोलमधल्या तिसरीतल्या पोराला काय धोका आहे? आपल्या इथं मुलींचा छळ करून, संस्थेचं नाव जाऊ नये म्हणून प्रकरण मिटवून घेतलेला मास्तर कोऱ्या कागदानं जाईल, कारण त्याच्यावर गुन्हा दाखलच झालेला नाही. त्याची 'माहिती' नाही. जो मिटवू शकतो त्याचं चारित्र्य स्वच्छ. ज्याच्याकडं मिटवायला ना पैसा ना पाटील, तो सराईत.

कोरियाचीच आणखी एक गोष्ट ऐका, कारण ती आपल्या कामाची आहे. चारित्र्याच्या कागदाबरोबर त्या देशानं परदेशी इंग्रजी मास्तरांवर एचआयव्हीची चाचणीही लादली होती. स्वतःच्या मास्तरांना नाही, कोरियन वंशाच्या परदेशी मास्तरांनाही नाही. फक्त बाहेरच्या रक्ताला. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनं पुन्हा चाचणी द्यायला नकार दिला. नोकरी गेली. ती गप्प बसली नाही. वंशभेदाविरुद्धच्या राष्ट्रसंघाच्या समितीपर्यंत गेली. २०१५ मध्ये समितीनं सांगितलं, हा वंशभेद आहे. २०१७ मध्ये कोरियानं ती अट काढली. एक मास्तरीण. तिच्यामागं ना पक्ष होता ना सेना. रक्ताची परीक्षा आपल्याला काही नवीन नाही, आपण ती तीन हजार वर्षं देतोय. पण ह्या बाईनं 'देत नाही' म्हटलं आणि कागद बदलला.

आणि समजा, चारित्र्य मिळालं. मग काय? मग पासपोर्टचा रंग. कोरियाचा नेहमीचा इंग्रजी-मास्तरांचा व्हिसा सात देशांसाठी: अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. त्यांना इंग्रजी येतं असं गृहीत. आपल्याला त्या करारातली खिडकी, आणि खिडकीतून आत आलेला सहाय्यकच. जपानमध्ये शाळेत भाषा शिकवण्याचा व्हिसा पाहिजे तर त्या भाषेच्या माध्यमात बारा वर्षं शिकलेलं असावं लागतं. महानगरपालिकेच्या मराठी शाळेतलं पोरगं तिथं दारातच संपलं. बारा वर्षं इंग्रजी माध्यम कोणाच्या बापाला परवडलं? इथल्या सवर्णानं सांगितलं संस्कृत तुझी नाही. बाहेरचा गोरा सांगतो इंग्रजी तुझी नाही. मग आमच्या तोंडात जी आहे ती कोणाची जीभ आहे?

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तेव्हा हिंदुस्थानातून बाहेर पडायला पासपोर्टची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धात आली. मला कधीकधी वाटतं, महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करून मग जहाजाचं तिकीट काढायची वेळ आली असती आणि आजचं टेबल असतं, तर? 'प्रतिकूल माहिती: बेकायदेशीर जमाव जमवून सार्वजनिक पाणी प्याले.'

हसू नका. हीच खरी गोष्ट आहे. ३ जानेवारीनंतर आपल्या वस्त्यांत काय झालं ते आठवा. माया पोरांना म्हणू लागल्या, "बापू, मोर्च्यात नको जाऊ, तुह्या नोकरीचं होईन." नोकरीवाला काका म्हणू लागला, "जयंतीले या, दीक्षाभूमीले या, चौकात नका जाऊ." मायचं मी समजू शकतो. काकाचं समजत नाही. काकाची नोकरी राखीव जागेतली, ती जागा कोणी पाळण्यात घालून दिली नव्हती. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. ऑगस्टात नागपूर रस्त्यावर आलं तेव्हा इथं गोळीबार झाला. इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलापाशी त्यांचं स्मारक आहे, मी रोज तिथून जातो. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडेंचा लाँग मार्च दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडं निघाला. हजारोंना अटक झाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आता बघा गंमत. त्या विद्यापीठाची पदवी घेऊन आज पोरगं परदेशी जातं तेव्हा पदवीवर बाबासाहेबांचं नाव असतं आणि त्या नावावर भारत सरकार अपोस्टिलचा शिक्का मारतं. नाव खरं आहे म्हणून. आणि ते नाव ज्यांनी रस्त्यावर बसून आणलं, तुरुंगात जाऊन आणलं, त्यांच्या नावापुढं काय लिहिलं होतं? प्रतिकूल माहिती.

खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातले चार जीव. महिनाभर बातमी दाबली गेली. नागपूर रस्त्यावर आलं म्हणून महाराष्ट्राला कळलं. आणि लाठ्या कोणावर पडल्या? गुन्हे कोणावर दाखल झाले? रस्त्यावर आलेल्यांवर. खुनाचा खटला चालला, शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा कोर्टात टिकला नाही. जातीचा संबंधच नव्हता म्हणे. म्हणजे मारणाऱ्याच्या कागदावर जात नाही, ओरडणाऱ्याच्या कागदावर गुन्हा आहे.

नागपुरातच इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. प्रा. शोमा सेन, विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख. ६ जून २०१८ ला भीमा कोरेगावच्या प्रकरणात अटक. खटला उभा न राहता जवळजवळ सहा वर्षं आत. ५ एप्रिल २०२४ ला सुप्रीम कोर्टानं जामीन दिला आणि म्हटलं की दहशतवादी कायद्याखालचा आरोप प्रथमदर्शनी खरा वाटत नाही. जामिनाची अट: कोर्टाच्या परवानगीशिवाय महाराष्ट्र सोडायचा नाही, पासपोर्ट जमा करायचा. नागपूरच्या इंग्रजीच्या मास्तरांचं हे चारित्र्य! माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, मी एक जागा गमावली, त्यांनी सहा वर्षं. पण कारखाना एकच आहे. तिथं कागद आधी तयार होतो, गुन्हा मागून शोधतात.

तर हवालदार भाऊ, कायले गेलो होतो त्याचं उत्तर हे. तुह्या अंगावर ती खाकी आहे ना, तिच्यासाठीही कोणीतरी चौकात बसलं होतं.

आणि आता आपल्या पुढाऱ्यांना. बंद पुकारता, पुकारा. आम्ही येतो, पुढंही येऊ. पण बंदच्या संध्याकाळी तुमची गाडी मुंबईला जाते आणि पोरं ठाण्यात राहतात. गुन्हे मागे घेतल्याच्या घोषणेवर निवडणूक लढवता. एका तरी पक्षानं, एका तरी गटानं यादी केली आहे काय, की नागपूर शहरात ३ जानेवारीचे किती गुन्हे, किती नावं, कितींचं दोषारोपपत्र गेलं, कितींना कोर्टाची संमती मिळाली, कितींची नोंद मशीनमधून निघाली? पुतळ्याला हार घालायला क्रेन येते. कोर्टात अर्ज घालायला वकील येत नाही.

मागणी साधी आहे. पीसीसीवर दोषसिद्धी लिहा, 'माहिती' लिहू नका. मुलांविरुद्धच्या, बायकांविरुद्धच्या गुन्ह्यात कोर्टानं दखल घेतलेली असेल तर जरूर लिहा, ठळक लिहा. आंदोलनाचे गुन्हे, ज्यांची मुदत संपली, जे मागे घेतले, त्यांच्या नोंदी गृहखात्यानं स्वतः काढाव्यात; पोरानं टेबलं झिजवायची नाहीत. सरकारनं नोंद चढवायला आमची परवानगी घेतली नव्हती, उतरवायला आमचे जोडे का?

हे होईपर्यंत ज्यांच्यावर असे गुन्हे आहेत त्यांनी हातावर हात ठेवून बसू नका. व्हिसाची पाळी यायच्या आत हे करा. माहिती अधिकाराचा अर्ज घ्या, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, आणि ठाण्याला लेखी विचारा: माझ्या गुन्ह्यात दोषारोपपत्र कोणत्या तारखेला गेलं? गेलं नसेल तर कोर्टाला कोणता अहवाल दिला? खटला मागे घेतला गेला असेल तर कोर्टाच्या संमतीच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, दोन काढा, एक घरी ठेवा. नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावानं द्या आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. मी हे सगळं चालवलं आहे, पहिलं उत्तर आलं आहे, दुसऱ्याचं अपील टाकलं आहे. अर्जाचा मसुदा मराठीत पाहिजे असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, पाठवतो. इंग्रजीत पाहिजे असेल तरी पाठवतो. इंग्रजी मला येतं, त्या सात देशांना पटो न पटो.

जय भीम.